लेक टाहोवर जुने आउटबोर्ड इंजिन नेण्यापूर्वी काय तपासावे

उत्तर कॅलिफोर्नियात जुनी बोट मिळवणे फारसे अवघड नाही. चौदा-पंधरा फुटांची अॅल्युमिनियमची बोट, तिचा ट्रेलर आणि मागच्या फळीवर बसवलेले आउटबोर्ड इंजिन असा सगळा संच क्रेगलिस्टवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर सहज सापडतो, आणि ‘इंजिन एका ओढीत चालू होते’ ही जाहिरातीतली ओळ बहुतेक वेळा खरीही असते. बे एरियातली अनेक मराठी कुटुंबे दर उन्हाळ्यात टाहोला जात असल्यामुळे, आपलीच बोट असली तर दर वेळी भाड्याचे पैसे वाचतील, हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र व्यवहार करण्यापूर्वी एक गोष्ट पाहून घेतली पाहिजे: उत्तम चालणारे इंजिनही टाहोच्या पाण्यात उतरवण्यास मनाई असू शकते, आणि ही मनाई इंजिनाच्या वयावरून ठरत नाही, ते पेट्रोल सिलिंडरमध्ये कोणत्या मार्गाने घेते यावरून ठरते.

नियम थोडक्यात असा आहे. टाहोचा काठ कॅलिफोर्निया आणि नेवाडा या दोन राज्यांत विभागलेला असल्यामुळे तिथल्या बांधकामापासून बोटींपर्यंतचे नियम टाहो रीजनल प्लॅनिंग एजन्सी, म्हणजे टीआरपीए, ही दोन्ही राज्यांची मिळून असलेली संस्था ठरवते. १९६९ साली अमेरिकी काँग्रेसच्या मान्यतेने झालेल्या करारातून ती स्थापन झाली. या संस्थेने १ जून १९९९ पासून कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा सिलिंडरबाहेरच मिसळणारा भाग) असलेल्या सर्व टू-स्ट्रोक इंजिनांना तलावावर बंदी घातली. फोर-स्ट्रोक इंजिने चालतात, थेट इंधन फवारणी करणारी टू-स्ट्रोक इंजिने चालतात, आणि केंद्रीय पर्यावरण संस्थेची, म्हणजे ईपीएची, २००६ची किंवा कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाची २००१ची मानके पूर्ण करणारे कोणतेही टू-स्ट्रोक इंजिन चालते. दहा अश्वशक्तीच्या आतली छोटी इंजिने आणि शिडाच्या बोटींची सहायक इंजिने यांना सुरुवातीला सूट होती, पण ती १ ऑक्टोबर २००१ रोजी संपली. ‘लहान इंजिनाला चालते’ असे सांगणारा एखादा जुना जाणकार अजूनही भेटतो. त्याची माहिती तेव्हापासून कालबाह्य झालेली आहे.

बंदीमागचे कारण समजले की पुढची तपासणी सोपी जाते, म्हणून ते जरा सविस्तर पाहू. बजाजच्या जुन्या स्कूटरमध्ये पेट्रोल भरताना टू-टी ऑइल मारून घ्यावे लागे आणि सिग्नलला उभ्या राहिलेल्या स्कूटरमागे निळसर धूर तरंगत असे, हे ज्यांना आठवते त्यांना टू-स्ट्रोक इंजिनाची जातकुळी वेगळी सांगायला नको. अशा इंजिनाच्या सिलिंडरला झडपा नसतात. पिस्टन खाली येताना सिलिंडरच्या भिंतीतली छिद्रे उघडतात आणि आत शिरणारे पेट्रोल, तेल व हवा यांचे ताजे मिश्रणच जळालेल्या वायूला बाहेर ढकलते. त्या क्षणी आत येण्याची आणि बाहेर जाण्याची अशी दोन्ही दारे उघडी असल्यामुळे इंधनाचा २० ते ३० टक्के भाग न जळताच निसटतो, आणि इंजिन मंद गतीवर चालत असेल तर हे प्रमाण आणखी वाढते. स्कूटरच्या बाबतीत तो भाग हवेत जाई. आउटबोर्ड इंजिनाचा एक्झॉस्ट बहुधा पंख्याच्या मधल्या भागातून पाण्याखालीच सोडलेला असतो, त्यामुळे कच्चे पेट्रोल आणि तेल सरळ तलावात मिसळते.

टाहोच्या बाबतीत हे विशेष जिव्हाळ्याचे होते, कारण काठावरच्या काही पाणीपुरवठा संस्था तलावाचे पाणी गाळणी प्रकल्पातून न नेता, केवळ निर्जंतुक करून लोकांना पुरवतात. त्यातच १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या पेट्रोलमध्ये एमटीबीई नावाचे रसायन मिसळले जात असे, जे पाण्यात चटकन विरघळते आणि अगदी अल्प प्रमाणातही पाण्याला टर्पेंटाइनसारखी चव देते. साउथ लेक टाहोच्या अनेक विहिरी या रसायनामुळे बंद कराव्या लागल्या होत्या. त्या विहिरींचा दोष मुख्यतः पेट्रोल पंपांच्या गळक्या टाक्यांचा होता, बोटींचा नव्हे, हे इथे नोंदवले पाहिजे. पण तलावाच्या पाण्यात तेच रसायन सापडू लागले तेव्हा संशयाचे बोट टू-स्ट्रोक इंजिनांकडेच वळले आणि ते योग्यच होते. टाहोच्या पाण्याची नितळता कमी होत जाणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. १९६८ साली पांढरी तबकडी पाण्यात सोडली तर ती सरासरी १०२ फुटांपर्यंत दिसत असे, आज ती त्याहून बरीच आधी दिसेनाशी होते; परंतु त्यामागे प्रामुख्याने बारीक गाळ आणि शेवाळ आहे. दोन्ही गोष्टींची सरमिसळ करून ‘इंजिनबंदीने पाणी नितळ झाले’ असे सांगितले जाते, त्यावर विश्वास ठेवू नये.

इंजिन ओळखण्याची रीत

सर्वप्रथम इंजिनाच्या वरच्या कव्हरवर ताऱ्यांचे लेबल शोधावे. २००१च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या आउटबोर्ड इंजिनांसाठी एअर बोर्डाने ही पद्धत आणली. एक तारा म्हणजे २००१ची पातळी, जी जुन्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकपेक्षा ७५ टक्के कमी प्रदूषण करते आणि ईपीएच्या २००६च्या मानकाच्या बरोबरीची मानली जाते. दोन तारे असलेले इंजिन एक ताऱ्यापेक्षा २० टक्के, तीन तारे असलेले ६५ टक्के आणि चार तारे असलेले ९० टक्के अधिक स्वच्छ असते. टाहोसाठी एक तारा पुरेसा आहे. लेबल जागेवर आणि वाचता येण्यासारखे असेल तर इंजिनाच्या प्रकाराचा प्रश्न बहुधा तिथेच मिटतो. मात्र लेबल इंजिनाच्या स्वतःच्या कव्हरवर आहे आणि ते कव्हर दुसऱ्या इंजिनावरून आणून बसवलेले नाही, एवढे पाहावे. जुन्या बोटींच्या बाजारात अशी कव्हरे सर्रास बदललेली असतात, त्यात दरवेळी फसवणुकीचा हेतू असतोच असे नाही.

लेबल नसेल तर लगेच निराश होण्याचे कारण नाही. इंजिन दुसऱ्या राज्यात विकले गेलेले असू शकते, किंवा ते २००१ पूर्वीचे फोर-स्ट्रोक असू शकते. होंडाची फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिने तर त्याच्या कितीतरी आधीपासून बाजारात होती. अशा वेळी कव्हर उघडून पाहावे लागते. फोर-स्ट्रोक इंजिनाला मोटारीसारखी तेल मोजायची काडी असते, तेल भरायचे झाकण थेट इंजिनावर असते आणि बहुतेक मोठ्या इंजिनांना तेलाचा फिल्टरही असतो. टू-स्ट्रोकला यातले काही नसते. पेट्रोलच्या टाकीवर किंवा कव्हरच्या आत ५०:१ असे प्रमाण लिहिलेले आढळले तर ते पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याचे प्रमाण होय, आणि मग शंकेला फारशी जागा राहत नाही.

इथे खरेदीदार हमखास फसतो तो विक्रेत्याच्या एका वाक्यामुळे. ‘याच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागत नाही’ असे तो सांगतो आणि ऐकणारा ते फोर-स्ट्रोक समजतो. परंतु जॉन्सन आणि इव्हिनरूड यांच्या इंजिनांत १९८४ पासून वेगळ्या टाकीतले तेल पंपाने आपोआप पेट्रोलमध्ये मिसळण्याची सोय येऊ लागली, आणि इतर कंपन्यांनीही तशाच व्यवस्था आणल्या. तेल हाताने ओतले काय किंवा पंपाने ओढले काय, ते जळण्यासाठी सिलिंडरमध्येच जाते. इंजिन टू-स्ट्रोकच राहते आणि पुढच्या बाजूला कार्ब्युरेटर असेल तर ते टाहोवर चालत नाही. म्हणून तेलाची टाकी दिसली की ती मोजायच्या काडीची जागा आहे की नुसते भरायचे भांडे, हे स्वतः पाहावे.

दुसरी अडचण ‘फ्युएल इंजेक्शन’ या शब्दांची आहे. कव्हरवर ईएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन) ही अक्षरे असली म्हणजे काम झाले असे वाटते. फोर-स्ट्रोक इंजिनावर ही अक्षरे असतील तर काहीच हरकत नाही, कारण फोर-स्ट्रोक इंजिन तसेही चालते. पण १९८० आणि १९९०च्या दशकांतल्या काही मोठ्या टू-स्ट्रोक इंजिनांतही ईएफआय होते, आणि त्यात पेट्रोल हवेच्या वाटेवर फवारले जाई, म्हणजे सिलिंडरची दारे उघडी असताना ते पूर्वीसारखेच निसटे. अशा इंजिनांना टाहोवर २००१ पर्यंत तात्पुरती मुभा होती, आता ती नाही. परवानगी आहे ती थेट सिलिंडरमध्ये, एक्झॉस्टचे दार बंद होत असताना किंवा झाल्यावर पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनांना. मर्क्युरीचे ऑप्टिमॅक्स, यामाहाचे एचपीडीआय, तोहात्सूचे टीएलडीआय, इव्हिनरूडचे आधीचे फिश्ट आणि नंतरचे ई-टेक ही त्यातली नेहमी भेटणारी नावे. इव्हिनरूडची इंजिने बनवणे त्यांच्या मालक कंपनीने २०२० साली बंद केले, त्यामुळे ई-टेक घेताना टाहोच्या नियमापेक्षा सुट्या भागांचा विचार अधिक करावा.

तिसरी गोष्ट ईपीएच्या लेबलाविषयी. १९९६ साली ठरलेला केंद्रीय नियम १९९८ ते २००६ या मॉडेल वर्षांत टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि त्यात उत्पादकाला आपल्या सगळ्या इंजिनांची सरासरी काढून मानक गाठण्याची सवलत होती. काही इंजिने फारच स्वच्छ बनवली की तेवढ्या मोबदल्यात थोडी जुन्या पद्धतीची कार्ब्युरेटरवाली इंजिनेही विकता येत. त्यामुळे २००४-०५ सालचे, ईपीएच्या नियमांस अनुसरून असल्याचे लेबल मिरवणारे टू-स्ट्रोक इंजिनही टाहोसाठी अपात्र असू शकते. वर्ष आणि ईपीए ही अक्षरे एवढ्यावर न थांबता कार्ब्युरेटर आहे की नाही हे पाहणे त्यामुळेच आवश्यक ठरते. कार्ब्युरेटर इंजिनाच्या बोटीकडच्या बाजूला, बहुधा एकाखाली एक रचलेले असतात आणि त्यांच्यावर आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा आवाज कमी करण्यासाठी प्लॅस्टिकची पेटी बसवलेली असते. ती काढल्याशिवाय ते नीट दिसत नाहीत. विक्रेत्याची परवानगी घेऊन मोबाइलवर छायाचित्र काढून घ्यावे आणि शंका असल्यास त्या कंपनीच्या अधिकृत दुकानात मॉडेल आणि सीरियल क्रमांकासह विचारावे.

हा क्रमांक इंजिन फळीला घट्ट बसवणाऱ्या ब्रॅकेटवरच्या पट्टीवर असतो. जॉन्सन आणि इव्हिनरूडच्या १९८० नंतरच्या इंजिनांत वर्ष शोधण्याची एक मजेशीर युक्ती आहे. इंग्रजीतल्या ‘इंट्रोड्यूसेस’ या दहा अक्षरी शब्दातली पहिली नऊ अक्षरे अनुक्रमे १ ते ९ आणि शेवटचे अक्षर शून्य मानायचे; मॉडेल क्रमांकाच्या अखेरच्या अक्षराआधीची दोन अक्षरे या हिशोबाने वाचली की वर्ष मिळते. तिथे ‘ई’ आणि ‘यू’ असेल तर ९७, ‘सी’ आणि ‘आर’ असेल तर ८४. विक्रेता ‘दोन हजार पाचचे आहे’ म्हणत असताना पट्टी ८४ सांगत असेल, तर बाकीच्या दाव्यांकडेही त्याच नजरेने पाहावे.

दुय्यम इंजिन विसरू नये

टाहोत मॅकिनॉ ट्राउट आणि कोकनी सामन पकडणारे लोक मुख्य इंजिन बंद ठेवून, बाजूला लावलेल्या पाच-दहा अश्वशक्तीच्या छोट्या इंजिनावर तासन् तास संथपणे फिरतात. मुख्य इंजिन आधुनिक आणि बाजूचे मात्र वीस-तीस वर्षांपूर्वीचे टू-स्ट्रोक, अशा बोटी बाजारात भरपूर आहेत, आणि विक्रेता ते छोटे इंजिन ‘वर फुकट’ म्हणून देतो. नियम बोटीवरच्या प्रत्येक इंजिनाला लागू आहे. ते इंजिन घरी काढून ठेवावे आणि टाहोला न्यावे लागल्यास त्या जागी छोटे फोर-स्ट्रोक किंवा विजेवर चालणारी ट्रोलिंग मोटर लावावी. मंद गतीवर सर्वाधिक इंधन निसटत असल्यामुळे, माझ्या मते या छोट्या इंजिनांची सूट काढून घेणे हा नियमातला सर्वांत शहाणपणाचा भाग होता. १९८०च्या दशकातल्या कार्ब्युरेटरवाल्या फोर-स्ट्रोकला मात्र आजही तिथे मोकळे रान आहे, हे थोडे विसंगत वाटते.

इंजिन अपात्र ठरल्यास

कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवण्याचे उपाय लोक सुचवतात. ते खर्चिक असतात आणि त्यातून प्रमाणित इंजिन तयार होत नाही, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नये. खरा पर्याय इंजिन बदलण्याचा आहे. त्यापूर्वी बोटीच्या आत लावलेली क्षमतेची पट्टी वाचावी. वीस फुटांच्या आतल्या बोटींवर तिथे कमाल अश्वशक्ती आणि वजन लिहिलेले असते. त्याच ताकदीचे फोर-स्ट्रोक टू-स्ट्रोकपेक्षा बहुधा जड असते, आणि जुन्या बोटीची मागची फळी आतून कुजलेली असेल तर ते वजन तिला झेपत नाही. फळीची उंची मोजून, पंधरा इंचांचा आखूड शाफ्ट हवा की वीस इंचांचा लांब, हेही आधीच ठरवावे.

टाहोचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सुमारे ६,२२५ फुटांवर आहे, ही बाब इंजिन निवडताना बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद कमी होते, म्हणजे सॅन होजेला दहा अश्वशक्ती देणारे इंजिन टाहोला आठाच्या आसपास येते. कार्ब्युरेटरवाले फोर-स्ट्रोक इंजिन समुद्रसपाटीसाठी जुळवलेले असेल तर विरळ हवेत ते गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओढते, धूर सोडते आणि अडखळते. त्यासाठी उंचीवरचे जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्रांचे भाग, बसवून घ्यावे लागतात, जे परत खाली आणल्यावर पुन्हा बदलावे लागतात. इंजेक्शनवाले इंजिन हे आपोआप सांभाळते. दोन्ही प्रकारांत पंख्याचा पिच (एका फेऱ्यात तो बोटीला जेवढे पुढे ढकलतो ते अंतर) एक-दोन इंचांनी कमी केला तर बोट नीट उचलली जाते. टाहोला वारंवार जायचे असेल तर थोडे जास्त पैसे मोजून इंजेक्शनवाले फोर-स्ट्रोक घेणेच मी सुचवेन.

तपासणीच्या दिवशी

इंजिन पात्र असले तरी बोट थेट पाण्यात उतरवता येत नाही. क्वागा आणि झेब्रा हे झपाट्याने पसरणारे परके शिंपले तलावात शिरू नयेत म्हणून २००८ पासून प्रत्येक मोटरबोटीची तपासणी सक्तीची आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅक्रामेंटो-सॅन वाकीन नद्यांच्या डेल्टातल्या स्टॉकटन बंदराजवळ गोल्डन शिंपले सापडल्यानंतर नियम आणखी कडक झाले. २०२५ पासून टाहोहून परतताना लावलेले सील (त्याविषयी पुढे) नसलेल्या मोटरबोटींचे गरम पाण्याने निर्जंतुकीकरण करून घ्यावे लागते. बे एरियातले बहुतेक बोटवाले एरवी त्याच डेल्टाच्या पाण्यात फिरतात, म्हणून ही बाब त्यांनी विशेष मनावर घ्यावी. तपासणीची वेळ आगाऊ ठरवावी आणि बोट स्वच्छ, निचरा केलेली व पूर्ण वाळलेली न्यावी. आउटबोर्ड सरळ उभे करून त्यातले पाणी घरीच गळू द्यावे, तळातले बूच काढून ठेवावे, मासे ठेवायची टाकी कोरडी करावी. इंजिनाच्या आतली पाण्याची वाट धुण्यासाठी ते तिथे चालू करावे लागू शकते, म्हणून बॅटरी भारित आणि टाकीत थोडे पेट्रोल असावे. चालवणाऱ्याजवळ कॅलिफोर्नियाचे बोटर कार्डही हवे. १ जानेवारी २०२५ पासून ते सर्व वयांच्या चालकांना बंधनकारक आहे.

इंजिनबंदी मोडल्यास टीआरपीए प्रत्येक उल्लंघनासाठी पाच हजार डॉलरपर्यंत दंड करू शकते, म्हणजे कित्येक जुन्या बोटींच्या किमतीपेक्षा जास्त. तलावातून परतताना धक्क्यावरचे कर्मचारी बोट आणि ट्रेलर यांना जोडणारे तारेचे सील लावून देतात. ते अभंग ठेवून पुढच्या खेपेला टाहोलाच आल्यास पुन्हा सगळी प्रक्रिया करावी लागत नाही. मधल्या काळात बोट दुसऱ्या पाण्यात उतरवली, तर सील तुटते आणि सवलतही जाते.

उतरवून ठेवलेल्या टू-स्ट्रोक इंजिनाचे काय करावे, हाही प्रश्न उरतो. ते बाळगण्यास किंवा विकण्यास कॅलिफोर्नियात बंदी नाही. नियम नव्या इंजिनांच्या विक्रीला आणि ठरावीक जलाशयांवरच्या वापराला लागू आहेत. ग्लेन कॅनियन आणि लेक मीड या केंद्रीय क्षेत्रांत २०१३ पासून लागू असलेली बंदी जेट-स्कीसारख्या वैयक्तिक वाहनांपुरती आहे, आउटबोर्डला नाही. मात्र पिण्याच्या पाण्याच्या जलाशयांचे नियम जागोजागी वेगळे असल्याने त्या त्या व्यवस्थापनाला फोन करूनच निघावे. विकताना ‘टाहोवर चालणार नाही’ असे जाहिरातीत स्पष्ट लिहावे. टाकीतले तेलमिश्रित पेट्रोल मोटारीत ओतू नये किंवा गटारात सोडू नये. काउंटीच्या घातक कचरा संकलन केंद्रावर आधी वेळ घेऊन ते बंद डब्यातून पोचवावे, आणि इंजिन भंगारात द्यायचे असेल तर खालच्या गिअरमधले तेलही काढून त्याच केंद्रावर द्यावे.